अपशिंगे मिलिटरीत आलेली विलीज

या जीपचं स्टार्टर बटण डॅशबोर्डवर नसतं, खाली पायापाशी असतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ तात्यांनी ते बुटाने दाबलं. सहा व्होल्टच्या बॅटरीने इंजिन जड जड फिरलं आणि दुसऱ्या महायुद्धातली विलीज सुरू झाली. तात्या निवृत्त हवालदार, सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपात गेली. ते आणि त्यांचे मित्र अशा जुन्या गाड्या दुरुस्त करून गावोगाव नेतात, लोकांना हात लावू देतात, आत बसवतात. त्या दिवशी जायचं होतं अपशिंगे मिलिटरी या गावाला.

कराडच्या दिशेने हायवे धरला. स्टिअरिंग डावीकडे, काच बोनेटवर आडवी पाडलेली, सगळा वारा तोंडावर. इंजिन साठ हॉर्सपॉवरचं, पण तात्या गाडी पळवत नाहीत. पंपावर पोरगा टाकीचं झाकण शोधत राहिला. शेवटी तात्या उतरले आणि सीट उचलली. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली! हेडलाइट तर बिजागरीवर उलटा फिरतो, म्हणजे रात्री बोनेट उघडून त्याच उजेडात इंजिनाचं काम करता येतं. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. सगळा विचार एकच: रानात बंद पडली तरी शिपायाला चालू करता आली पाहिजे.

मंडळींपैकी कुणीही वर्दी घातली नव्हती. मी कारण विचारलं, तर तात्या म्हणाले, "वर्दी कमवावी लागते. आपण गाडी दाखवायची." मला हे फार पटलं.

अपशिंग्यात आधी स्मारकापाशी गेलो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. तेव्हा जीप जन्मालाही आली नव्हती. पण गावाची फौजेत जायची रीत थांबली नाही, अजूनही घरटी माणूस सैन्यात असतो.

मग मोकळ्या जागेत खरा कार्यक्रम सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत जखमींना खाली आणायला जीपवर स्ट्रेचर बांधत. तात्यांनी ते बांधून दाखवलं. एका पोराला त्यावर झोपवून गाडी लो गिअरमध्ये उतारावरून अगदी हळू आणली. पोरगं पट्टे घट्ट धरून होतं. मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं, ही हकिकत तात्यांनी तिथेच सांगितली. समोर उतारावरची जीप होती, म्हणून ती पोरांना कळली.

गर्दीतून एक आजी पुढे आल्या. बोनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "मामंजी इटलीत हुते. पर ते जीपचं कधी बोललं न्हाईत. खेचरांचं सांगायचे. जीप जाईना तिथं खेचरं जायची म्हणायचे."

तात्यांनी लगेच इंजिन बंद केलं आणि आजींसाठी खुर्ची आणायला सांगितली. पुढचा बराच वेळ गाडीकडे कुणी पाहिलं नाही. ओझं कसं बांधायचं, चिखलात खेचर अडलं की काय करायचं, मामंजींकडून ऐकलेलं सगळं आजी सांगत होत्या आणि तात्या लिहून घेत होते.

आता जीपच्या शेजारी खेचराचं खोगीरही मांडायचं मंडळींनी ठरवलंय. सातारा-सांगलीकडे कुणाच्या माळ्यावर जुनं फौजी खोगीर पडलं असेल तर कृपया भंगारात देऊ नका. मला कळवा, मी तात्यांना घेऊन येतो.