जर्मनीत भाड्याचं घर: जुन्यांना आधार, नव्यांची फरफट

जर्मनीत नोकरी करणारा मुलगा तिशी गाठली तरी भाड्याच्या घरात राहतो, म्हणून अनेक आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. तो घोर आधी सोडा. या देशात निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानेच राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या इमारतीतल्या एक आजी लग्न होऊन ज्या घरात आल्या, तिथेच आजही भाडं भरून राहतात.

हे शक्य होतं ते कायद्यामुळे. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो. इथे करार बहुतेक वेळा बेमुदत असतो. भाडेकरू नीट वागत असेल, तर घर रिकामं करून घ्यायला मालकाकडे सबळ कारण लागतं, उदाहरणार्थ स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला तिथे राहायचं आहे. 8 वर्षं उलटलेल्या भाडेकरूला नोटीस द्यायची ती 9 महिने आधी. साध्या करारात भाडं 3 वर्षांत 20 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, घरांची टंचाई असलेल्या शहरांत तर 15 टक्केच.

पण असं घर एकदा मिळालं की सोडणार कोण? मुलं घराबाहेर पडलेली जोडपी मोठ्या घरातच राहतात, कारण नव्या करारावर घेतलेलं लहान घर त्यांना जुन्या मोठ्या घरापेक्षा महाग पडतं. एकाच जिन्यावर, समोरासमोरच्या सारख्या घरांच्या भाड्यात प्रचंड तफावत असते. तिशीच्या आतल्या मुलांना ही चढी बाजू पेलावी लागते, आणि याची मला खरोखर चीड येते. त्यांचा पगार कमी नसतो. ती उशिरा आली, एवढंच.

यावर 2015 पासून एक लगाम आहे: टंचाईच्या भागात नवं भाडं परिसरातल्या प्रचलित भाड्यापेक्षा 10 टक्क्यांहून वर नेता येत नाही. मात्र 1 ऑक्टोबर 2014 नंतर पहिल्यांदा वापरात आलेली घरं यातून वगळली आहेत, आणि फर्निचरसह किंवा थोड्या मुदतीसाठी घर देऊन पळवाट काढणारे पुष्कळ. शिवाय तक्रार भाडेकरूनेच करायची. महिनोन्‌महिने शोधून कसंबसं घर मिळालेला नवखा मुलगा मालकाशी भांडण कुठून ओढवून घेणार? बर्लिन या शहर-राज्याने 2020 मध्ये भाडी गोठवून पाहिली, पण राज्याला तो अधिकारच नाही म्हणून एप्रिल 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने कायदा रद्द केला. मधल्या काळात कमी भाडं भरलेल्या अनेकांवर फरकाची रक्कम चुकती करायची वेळ आली.

शिकायला येणाऱ्यांचं आणखी कठीण. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला 992. तेवढ्यात भागेल असा हिशोब घरी मांडला जातो, पण म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधल्या एका खोलीला यातला बराचसा भाग सहज जातो. म्हणून विद्यापीठ निवडताना शहराचं भाडं आधी बघा, आणि ॲडमिशन मिळताच विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत नाव घाला.

जाहिरातीत दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. ‘वार्ममीटे’त हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं, वीज आणि इंटरनेट मात्र बहुधा वेगळं. बजेट दुसऱ्या आकड्यावर करा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं असतं आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराची जागा रिकामी असते, ओटा-सिंकसुद्धा नसतं, त्याचा खर्च वेगळा धरा. नगरपालिकेत पत्ता नोंदवता येणार नसेल, तर ती खोली स्वस्त असली तरी घेऊ नका, पुढची सगळी कामं अडतात. आणि घर न बघता पैसे तर मुळीच पाठवू नका.

राहिला घर विकत घेण्याचा प्रश्न. किमतीखेरीज खरेदीवर बायर्न राज्यात 3.5, तर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात 6.5 टक्के कर, वर नोटरी आणि बऱ्याचदा एजंट. हा पैसा साधारणपणे स्वतःच्या खिशातूनच घालावा लागतो. एकट्या माणसाचा पगाराचा तिसरा हिस्सा, कित्येकदा त्याहून जास्त, कर आणि विम्यात आधीच कापला जातो, मग इतकी शिल्लक जमायला वर्षं लागतात.

अशा मुलाच्या नावावर तिकडे भारतात फ्लॅट बुक करून त्याचा ईएमआय त्याच्याच गळ्यात घालणारी कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत. इथलं भाडं, शैक्षणिक कर्ज आणि वर तो हप्ता. कृपा करून निदान शैक्षणिक कर्ज फिटेपर्यंत आणि नोकरी गेली तर सहा महिने भाडं भरता येईल एवढी रक्कम त्याच्या खात्यात साठेपर्यंत त्या बुकिंगचा विषय काढू नका.