तुम्ही विचारलंत म्हणून : सर्व्हर घरी कशाला?

"सर, ते मशीन घरी कशाला चालवायलात? महिन्याला दीड-दोनशे रुपयांत होस्टिंग मिळतंय की!"

माझी वेबसाइट घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर चालते. दिवसरात्र चालू राहणारं हे मशीन म्हणजे माझा सर्व्हर, आणि होस्टिंग म्हणजे तीच साइट दूरच्या भाड्याच्या मशीनवर ठेवणं. परभणीत हा प्रश्न मला बँकेच्या रांगेत विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात. ज्यांचा बंद पडलेला कॉम्प्युटर आत्ताच सुरू करून दिला, तेही जाता जाता विचारतात. 'आवड आहे' एवढंच सांगून मी विषय मिटवत आलो. त्यातून माणूस हट्टी आहे एवढाच समज पक्का झाला. म्हणून आता सविस्तर सांगतो.

पैशाचा मुद्दा आधीच मान्य करतो. जुना लॅपटॉप स्क्रीन बंद ठेवून चालवला तर १२ ते १५ वॉट घेतो. राउटर आणि फायबरचा डबा मिळून आणखी १५. दिवसरात्र ३० वॉट धरले तर महिन्याला २१-२२ युनिट होतात, आणि तेवढ्या बिलात साधं होस्टिंग येतं. तेव्हा घरी सर्व्हर ठेवणं स्वस्त पडतं, असा माझा दावा नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही मला जे विचारता, त्याची उत्तरं या मशीनमधून येतात. मे महिन्यात राउटर दुपारी का अडकतो? लाईट जाऊन आली की कॉम्प्युटरची तारीख मागे का जाते? यूपीएस असूनही हार्डडिस्क का गेली? कॉम्प्युटरविषयीचे बहुतेक सल्ले २५ अंशांची खोली आणि स्थिर २३० व्होल्ट गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३ च्या पुढे जातो, आणि संध्याकाळी सगळीकडे कूलर आणि मोटारी सुरू झाल्या की सॉकेटवर १८० व्होल्टही दिसतात. इथे काय टिकतं आणि काय नाही, हे भाड्याच्या दूरच्या मशीनवर कळायला मार्गच नाही.

तारखेचंच घ्या. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की लाईट जाताच घड्याळ मागे जातं, आणि मग बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणते, कारण सुरक्षा-प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं. लोक विंडोज पुन्हा टाकतात, अँटिव्हायरस विकत घेतात. सेल काढून मल्टिमीटर लावा. पावणेतीनच्या खाली असेल तर बदला.

राउटरचं कारण उष्णता. पत्र्याच्या छताखाली, माळ्यावर, टीव्हीच्या मागे ठेवलेला राउटर मेमध्ये अडकणारच. भिंतीवर, छातीच्या उंचीला, चारी बाजूंनी हवा लागेल असा टांगा. पण कूलरच्या झोतात नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की बोर्डावर पांढरी क्षाराची पूड बसते, आणि तिला पुन्हा दमट हवा लागली की गंज सुरू होतो. लॅपटॉपच्या बॅटरीलाही उष्णता सोसत नाही. सतत १०० टक्के चार्ज आणि वर उकाडा, असं चाललं की ती फुगते. चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, काढून ठेवा. बॅटरीविनाही बहुधा लॅपटॉप चालतो, फक्त मग लाईट जाताच तोही बंद होतो.

आता माझ्याकडचं सामान जळालं, त्या संध्याकाळबद्दल. 'तुमच्याकडे पण जळालं होतं ना?' असं खोचकपणे विचारलं जातं, म्हणून हेच सगळ्यात सविस्तर सांगतो.

गल्लीच्या डीपीवर न्यूट्रलचा जोड सुटला. आपल्याकडे त्याला 'डबल फेज आला' म्हणतात. नेमकं होतं काय? एका फेजवरचं तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर, दोघांचा परतीचा रस्ता न्यूट्रल असतो. तो तुटला की दोन्ही घरं दोन फेजांच्या मध्ये, म्हणजे सुमारे ४०० व्होल्टवर, एकामागे एक जोडल्यासारखी होतात. समजा शेजारी १००० वॉटचा भार चालू आहे, त्याचा रोध सुमारे ५३ ओहम. तुमच्याकडे फक्त २०० वॉट, रोध सुमारे २६५ ओहम. ४०० व्होल्ट याच प्रमाणात वाटले जातात : शेजाऱ्याला ६७ आणि तुम्हाला ३३३. ज्याच्या घरी कमी चालू आहे, त्याच्याच घरी जास्त जळतं. एका घरात दिवे मिणमिणतात, दुसऱ्या घरात पंखा घोंगावायला लागतो आणि बल्ब डोळ्यांवर येतात. ही खूण दिसली की काही न शोधता मेन स्विच पाडायचा.

'स्पाइक गार्ड नव्हता का?' होता. त्याचा इथे उपयोग नसतो. त्याच्या आत व्हॅरिस्टर नावाची चकती असते, साधारण २७५ व्होल्टची. विजेचा क्षणभराचा झटका ती गिळते. मिनिटभर सलग ३३३ व्होल्ट आले तर ती स्वतःच तापून जळते. ॲडॉप्टरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं, त्याचंही तेच. ३३३ व्होल्ट एसीचं शिखर ४७१ व्होल्टपर्यंत जातं, आणि आतला मुख्य कपॅसिटर बहुधा ४०० चा असतो. तो फुटतो. पट् असा आवाज आणि माशासारखा वास, हे अनेकांनी अनुभवलं असेल.

सर्व्हर आणि राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर होते, ते वाचले. इन्व्हर्टरने व्होल्टेज मर्यादेबाहेर दिसताच बॅटरी घेतली. टेबलावरच्या साध्या सॉकेटवर मात्र डॉक, म्हणजे सुट्या डिस्का लावायचा डबा होता. त्यात साडेतीन इंची दोन डिस्का होत्या आणि गल्लीतल्या सप्ताहाच्या जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली कीर्तनं एकीवरून दुसरीवर जात होती. कॅसेटींना बुरशी लागलेली होती, काहींची फीत उतरवतानाच तुटली. म्हणजे त्या क्षणी काही कीर्तनं जगात फक्त त्या दोन डिस्कांवर होती.

ॲडॉप्टर मरताना बहुतेक वेळा गुपचूप मरतो, बाहेर शून्य व्होल्ट. पण त्यातला व्होल्टेज आवरणारा भाग आधी गेला, तर १२ च्या जागी बरंच जास्त बाहेर पडतं. डॉकच्या ॲडॉप्टरचं तसंच झालं. दोन्ही डिस्का गप्प. फिरण्याचा आवाज नाही, थरथर नाही.

अशा वेळी लोक डिस्क फ्रीजरमध्ये ठेवतात, टपली मारतात. कृपा करून हे करू नका. डिस्क अजिबात फिरत नसेल आणि आधी विजेचा गोंधळ झाला असेल, तर पहिला संशय खालच्या हिरव्या बोर्डावर घ्यायचा. पॉवरच्या जोडाजवळ दोन छोटे काळे डायोड असतात, एक १२ व्होल्टच्या वाटेवर, एक ५ च्या. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचा बोर्ड वाचवतात. डिस्क कशालाही जोडलेली नसताना मल्टिमीटर ओहमवर ठेवून डायोडच्या दोन टोकांना लावा. शून्याजवळ आकडा आला तर तो गेलाय. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने उचलून काढा. त्याच्याशिवाय डिस्क चालते, पण आता तिला संरक्षण नाही. त्यामुळे खात्रीच्या पॉवर सप्लायवरच लावा आणि माहिती लगेच उतरवून घ्या. ती डिस्क पुन्हा वापरात घेऊ नका.

पहिली डिस्क अशी उठली. ती साध्या कॉपी-पेस्टने उतरवायची नसते. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर वापरा आणि मॅपफाइल द्यायला विसरू नका. कुठपर्यंत वाचलं याची नोंद त्या फाइलमध्ये राहते, मध्येच लाईट गेली तरी पुढून सुरू करता येतं. पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं घ्यायचं आणि हट्टी जागा सोडायच्या. मग दुसऱ्या फेरीत त्यांच्याकडे वळायचं. उलट केलं तर खराब जागेवर डोकं आपटून डिस्क दम तोडते आणि चांगला भागही हातचा जातो.

दुसरीचा डायोड काढला, तरी ती उठली नाही. मोटार फिरवणाऱ्या चिपवर करपल्याचा ठिपका होता. तिला त्याच छापील क्रमांकाचा दुसरा बोर्ड लागतो, आणि नुसता बोर्ड बदलून भागत नाही. जुन्या बोर्डावरची आठ पायांची रॉम चिप नव्यावर बसवावी लागते, कारण त्या एका डिस्कच्या डोक्यांची मापं तिच्यात असतात. पहिलीवर पोहोचायची राहिलेली काही कीर्तनं या दुसरीवर आहेत. जुळणारा बोर्ड मिळालेला नाही. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेला द्यायची का, यावर घरात दोन मतं आहेत, आणि माझ्या मनातही दोन आहेत. त्या आवाजांतला एकही माणूस आज हयात नाही. म्हणून तो खोचक प्रश्न मला लागतो.

याचं उत्तर 'होस्टिंग घ्या' हे नाही. होस्टिंगवर साइट असती तरी त्या डिस्का त्याच टेबलावर असत्या. याचं उत्तर मेन स्विचनंतर बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हे आहे. घराला ६३ अँपिअरचा पुरतो. वरची मर्यादा २६०-२७०, खालची १७०-१८०, पुन्हा जोडायचा वेळ तीन मिनिटं, म्हणजे फ्रीजचा कॉम्प्रेसरही सांभाळला जातो. मर्यादा ओलांडताच सेकंदाच्या आत तो घराची वीज तोडतो. वायरमनकडूनच बसवून घ्या. कुणी 'न्यूट्रल अर्थिंगला जोडून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तसं केलं की गल्लीचा करंट तुमच्या अर्थिंगमधून जायला लागतो आणि फ्रीजच्या अंगातही उतरू शकतो.

अर्थिंगही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपाला चिकटून राहत नाही, रोध वाढतो. मार्चपासून खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला की दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. हा आकडा दिवसेंदिवस चढत असेल तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल होत चाललाय, तेव्हाच तक्रार करायची. माझ्याकडे पीझेम-००४टी नावाचं मोड्यूल फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजून सर्व्हरवर लिहीत राहतं. ते ८० ते २६० व्होल्टपर्यंतच भरवशाचं आहे, आणि त्याच्या जोडपट्टीवर २३० व्होल्टची वीज उघडी असते, त्यामुळे झाकणाच्या डब्यातच ठेवावं. ते आकडे बघूनच मी तुम्हाला 'तुमच्या भागात स्टॅबिलायझर लागेल' असं सांगतो.

आता ज्या मुद्द्यावर तुम्ही मला खरंच पकडता, तो. माझं मशीन घरी असलं तरी साइट तुमच्यापर्यंत थेट घरून येत नाही. घरच्या ब्रॉडबँडवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मिळत नाही, अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्हीही त्यात आहात, आणि राउटरमधले पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, कितीही उघडली तरी बाहेरून कुणी आत येणार नाही. म्हणून बाहेर एक लहान भाड्याचं मशीन आहे. घरचं मशीन वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या सॉफ्टवेअरने त्याला जोडलेलं राहतं, दर २५ सेकंदांनी एक खूण पाठवतं म्हणजे वाट मिटत नाही. घरची लाईट लांबली की बाहेरचं मशीन साठवलेली प्रत दाखवतं.

"मग तिकडेच ठेवा ना सगळं!" यावर मी खूप दिवस स्वतःशी भांडलो आहे. पूर्वीचा मी म्हणायचा, अर्धं बाहेर ठेवायचं तर घरी ठेवण्याला अर्थ नाही. आताचा मी म्हणतो, वाचकाला पान मिळालं पाहिजे आणि मला मशीन हाताशी पाहिजे, दोन्ही गरजा वेगळ्या आहेत. पूर्वीच्या माझं म्हणणं अजून पुरतं खोडता आलेलं नाही. दुकानाचा हिशेब, दवाखान्याच्या नोंदी असलं काही तुमच्याकडे असेल, तर माझं बघून घरी ठेवू नका. ते बाहेरच ठेवा आणि एक प्रत घरी घ्या.

सध्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी काढून १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट लावून बघतोय. इन्व्हर्टरची चार्जिंगची निवड 'ट्यूब्युलर'वर राहिली तर व्होल्टेज १४.६ च्या वर जातं आणि बॅटरीतलं नियंत्रक सर्किट चार्जिंग तोडतं, हे कळलं. आता 'एसएमएफ'वर, म्हणजे पाणी न घालायच्या बंद बॅटरीच्या निवडीवर ठेवलंय. मेच्या उकाड्यात ती कशी वागते ते बघायचं आहे. स्थिर आयपी घेऊन बाहेरचं मशीन बंद करायचं की नाही, हेही त्यानंतरच ठरवणार आहे.