ठोक्याच्या आधीचा शब्द
काल मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफील्ड येथे काँट्रा नृत्यात (समोरासमोरच्या लांब रांगांत जोड्यांनी करायच्या लोकनृत्यात) कॉलर म्हणून, म्हणजे आकृत्या (नाचातल्या ठरावीक हालचाली) पुकारणारा म्हणून, प्रथमच उभा राहिलो आणि पहिल्याच फेरीत चुकलो. आकृतीचे नाव ती सुरू होण्यापूर्वीच्या चार ठोक्यांत उच्चारून संपायला हवे, आणि मी ते ऐन ठोक्यावर घेत होतो. 64 ठोक्यांची धून कोणासाठी थांबत नाही. संगीताविना चाल समजावताना तर मी इतका बोललो (जुनी खोड!) की नवखे अधिकच गोंधळले. दुसऱ्या नृत्यात चाल दोनदाच करवून घेतली, पुढे फेरीगणिक शब्द कमी करत शेवटी गप्प झालो, तेव्हा रांगा वाहू लागल्या. नवख्यांना अनुभवी जोडीदार मात्र आयोजकांनी दाराशीच मिळवून द्यावा. मंचावरून ते साधत नाही.