शिट्टीखालचं वाक्य

पात्रं एक शब्द बोलत नाहीत, नुसत्या शिट्ट्या वाजवतात, अशा एका छोट्या पपेट-फिल्मचं डबिंग त्या दिवशी आमच्याकडे होतं. दिग्दर्शकाची मागणी तीन शब्दांची होती: 'क्लँगर्ससारखं करून द्या.' (क्लँगर्स म्हणजे शिट्ट्यांत बोलणाऱ्या बाहुल्यांची जुनी ब्रिटिश बालमालिका.) असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात 'कुंई-कुंई' एवढंच असतं. तो आवाज मुळात कसा निघाला हे ठाऊक नसेल तर अख्खी शिफ्ट पाण्यात जाते.

बीबीसी वनवर रंगीत प्रक्षेपण अधिकृतपणे सुरू झालं १५ नोव्हेंबर १९६९ ला, आणि दुसऱ्याच दिवशी क्लँगर्सचा पहिला भाग दाखवला गेला. एका चिमुकल्या ग्रहाच्या पोटात राहणारे, लांब नाकाचे, गुलाबी लोकरीचे प्राणी. निर्मितीसंस्था स्मॉलफिल्म्स, म्हणजे खरं तर दोनच माणसं: ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन. केंटमध्ये कँटरबरीजवळच्या ब्लीनला फर्मिन यांच्या घराशेजारचा रिकामा गोठा हाच स्टुडिओ. फर्मिन बाहुल्या आणि सेट करायचे, त्यांच्या पत्नी जोन यांनी क्लँगर्स विणले. पोस्टगेट लिहायचे, बाहुल्या हलवायचे, कॅमेरा एकेक फ्रेम चालवायचे आणि निवेदनही करायचे. शिट्ट्या त्यांच्या आणि स्टीफन सिल्व्हेस्टर यांच्या. वाद्य अगदी साधं, दट्ट्याची शिट्टी: एका टोकाला फुंकायचं, दुसऱ्या टोकाकडून नळीत दट्ट्या आतबाहेर करायचा.

पण वाजवायचं काय, तर इंग्रजीत पूर्ण लिहिलेले संवाद. शिट्टी त्या वाक्याचा ठेका आणि चढउतार उचलायची. एका भागात दार अडकतं आणि मेजर क्लँगर त्याला चक्क शिवी घालतो. प्रेक्षकांना ऐकू येणार होती फक्त शिट्टी, तरी संहितेतली शिवी वाचून बीबीसीतून आक्षेप आलाच.

आमच्याकडे आलेल्या संहितेत संवादच नव्हते. 'आई रागावते. पिल्लू रुसतं.' बस. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, चित्र बघत नुसतं रागावून वाजवा." ताई कसलेल्या व्हॉइस आर्टिस्ट, त्यांनी मन लावून वाजवलं, आणि ऐकू आलं ते कुणीतरी जिन्यावरून घसरल्यासारखं. यात त्यांचा दोष नव्हता. बोलताना आपला आवाज एका वाक्यात साधारण सप्तकाच्या आतच फिरतो. ही शिट्टी मात्र आरामात दोन सप्तकं देते, आणि समोर वाक्य नसलं की हात आपोआप सगळी नळी वापरतो. मग भावना राहते बाजूला आणि विनोदी सिनेमातला घसरगुंडीचा इफेक्ट हाती येतो.

रेकॉर्डिंग थांबवून वाक्यं लिहायला घेतली, तीही रोजच्या बोलण्यातली. 'मेल्या, पुन्हा झाकण उघडं टाकलंस?' 'मी नाही, त्यानं!' 'त्यानं म्हणजे कुणी?' फार लांब वाक्य एका फुंकेत बसत नाही, म्हणून तशी वाक्यं तोडली. ताईंनी ती आधी साधी बोलून दाखवली आणि तो गाइड ट्रॅक म्हणून ठेवला. मग प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं चढउताराची रेघ काढली. ही पोस्टगेट यांचीच युक्ती, त्यांनी ती संगीतासाठी वापरली होती. ते सुरांचे आलेख काढून द्यायचे आणि 'बसून' नावाचं लांब, जाड आवाजाचं लाकडी फुंकवाद्य वाजवणारे संगीतकार व्हर्नन एलियट त्यावरून स्वरलिपी करायचे.

त्यानंतर हेडफोनमध्ये गाइड ट्रॅक आणि तोंडात शिट्टी. इथे दोन अडचणी हमखास येतात.

पहिली हाताची. नळी एका बाजूनं बंद असते आणि स्वर लांबीवर ठरतो: आतली हवा ३० सेंटीमीटर असेल तर सुमारे २८५ हर्ट्झ, १५ ला त्याच्या दुप्पट, साडेसातला चौपट. म्हणजे खालच्या टोकाला एका स्वरावरून शेजारच्या कोमल-तीव्र स्वरावर जायला दट्ट्या जवळजवळ १.७ सेंटीमीटर सरकवावा लागतो आणि नळी १० सेंटीमीटरवर आली की तेवढ्याच फरकाला अर्धा सेंटीमीटर पुरतो. वरच्या भागात हात जरा जास्त हलला की प्रश्नाची किंकाळी होते. म्हणून आईचे संवाद लांब नळीवर मधल्या पट्ट्यात घेतले आणि पिल्लासाठी निम्म्या लांबीची दुसरी शिट्टी काढली. एकाच शिट्टीवर वर जाऊन 'लहान मूल' करायला गेलं की पात्रं वेगळी वाटत नाहीत, एकच पात्र घाबरल्यासारखं वाटतं.

दुसरी जिभेची. शिट्टीत ना अ-आ-इ ना व्यंजनं, पण व्यंजनांची जागा तरी राखावी लागते. 'झाकण उघडं' मधल्या प्रत्येक अक्षराला जिभेनं 'त' म्हणून फुंक तोडायची, क-ट-प सारख्या कडक अक्षरांना जरा जोरात. जीभ थांबली की अक्षरं एकमेकांत वितळतात आणि सायरन वाजतो. जोर मात्र जिभेचा हवा, फुंकेचा नव्हे. फुंक वाढली की बंद नळी एकदम तिपटीच्या कंपनावर उडी मारते. रागाच्या वाक्यांत हे सारखं होतं, कारण राग आला की माणूस जास्त फुंकतो. उपाय एकच: राग वेगात आणि तोडण्यात दाखवायचा, दाबात नाही.

माइक तोंडासमोर ठेवू नये. आवाज शिट्टीच्या फटीतून निघतो आणि फुंकेचा फुसफुसाटही तिथेच असतो. अर्धा मीटर लांब, ४५ अंश तिरका ठेवला की काम होतं. सतत वाजवताना श्वासातली वाफ फटीपाशी साचून स्वर खरखरतो. दर काही ओळींनी काडीला सुती कापड गुंडाळून नळी पुसावी. नळी गरम झाली की स्वर थोडा चढतो, म्हणून उशिरा घेतलेली ओळ सकाळच्या ओळीला जोडण्याआधी कान लावून तपासावी. दट्ट्याचं चामडं सुकलं की हवा गळते आणि आधी खालचे स्वर जातात. त्याला किंचित पेट्रोलियम जेली पुरते, मात्र रबरी वायसर असेल तर ती लावू नये, रबर फुगतं.

क्लँगर्सचं संगीत एका गावच्या हॉलमध्ये खिडक्या उघड्या ठेवून मुद्रित व्हायचं, काही ठिकाणी बाहेरचे पक्षीही ऐकू येतात. आमच्या खिडकीबाहेर रिक्षा असतात, त्यामुळे ती चैन आम्हाला नाही.

संध्याकाळी निवेदनाचा प्रश्न निघाला. दिग्दर्शकांना प्रत्येक शिट्टीमागे तिचा अर्थ सांगणारा आवाज हवा होता. मी नको म्हटलं. पोस्टगेट यांनी एकदा निवेदन काढून एक भाग परदेशी प्रेक्षकांना दाखवला, तेव्हा त्यांतल्या काहींना क्लँगर्स आपापल्याच भाषेत बोलताहेत असं वाटलं होतं. झाकणाचा प्रसंग आम्ही निवेदनाशिवाय लावला. पिल्लाची 'मी नाही, त्यानं!' ही शिट्टी ऐकून काचेपलीकडे चहा घेऊन आलेला पोरगा हसला. त्या ओळीवरचं निवेदन तिथेच कापलं. निवेदन ठेवलं ते फक्त जागा किंवा वेळ बदलते तिथे, आणि शिट्टी संपल्यावर किमान अर्धा सेकंद मोकळा सोडून.

फाइली देताना बोललेला गाइड ट्रॅकही दृश्याच्या क्रमांकासह वेगळा दिला. एडिटमध्ये शॉट लांबला किंवा तुटला की शिट्टी ताणता येत नाही, पुन्हा वाजवावी लागते, आणि तेव्हा त्या शिट्टीखाली नेमकं काय म्हटलं होतं हे फक्त त्याच ट्रॅकवर सापडतं.