मैनेचा पाय, नववा आठवडा: बरसाती निघाली!

आज सकाळी आमच्या घोडीच्या, मैनेच्या, पायाची पट्टी सोडली आणि जखमेच्या कडेला पहिल्यांदा ती किनार दिसली. पातळ, गुलाबी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. नवी कातडी. सलाईनने धुतलं, पुसलं, पुन्हा बघितलं, होती तिथंच. बायकोला हाक मारून दाखवली, तिला पण दिसली, मग माझा विश्वास बसला.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तारेनं तिचा पाय कापला, ते प्रकरण सगळ्यांना माहीत आहेच. मागचा डावा पाय, नळीच्या (खालच्या लांब हाडाच्या) समोरून, हाड आणि नसा शाबूत, धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी दिलं होतं. लंगडणं तर आठ दिवसात गेलं. किरकोळ लागलंय म्हणून मी पण निवांत होतो, श्रावण लागेपर्यंत बरी होईल असं धरून चाललो होतो.

पण मांस वाढायला लागलं. घोड्याच्या गुडघ्याखाली हे नेहमीचंच दुखणं आहे, तिथं मांसल भाग नाही, रक्तपुरवठा कमी, कातडी ताणलेली आणि पाय सारखा हलता, त्यामुळं आतलं लाल मांस कातडीच्या वर येतं आणि मग बिचारी कातडी तो डोंगर चढून मधे येऊ शकत नाही. डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात ते कापून सपाट केलं. त्या मांसाला संवेदना नसते, मैना कान टवकारून कडब्याकडं बघत उभी राहिली, पण रक्त मात्र इतकं गेलं की पहिल्यांदा बघणारा घाबरून जाईल. दाबून पट्टी बांधली. दहा दिवसात मांस परत वर. पाचव्या आठवड्यात दुसऱ्यांदा कापलं, परत तेच. मी दर रविवारी शाळेची पट्टी शेजारी धरून फोटो काढतो, तर सहाव्या रविवारी जखम ७ बाय ४.५ सेंटीमीटर, म्हणजे लागली तेव्हापेक्षा मोठी! त्यात मैना पट्टीवर दात मारायला लागली, रात्रीतून दोनदा सोडून टाकली. एवढी खाज कामून येतेय हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं, मला वाटलं भरत आलेली जखम खाजतेच.

आपल्यातल्या दोघांनी फोन करून मोरचूद (कॉपर सल्फेट) लावायला सांगितलं होतं. तुमच्या मायेबद्दल शंका नाही दादा, आमच्या आजोबांनी पण बैलांना लावलेलं आहे, पण मोरचूद वाढलेल्या मांसाबरोबर कडेची नवी कातडी पण जाळतं, म्हणून मी हात लावला नाही आणि आज ती किनार बघून लई बरं वाटतंय की लावला नाही.

आता खरी गोष्ट. पोळ्याच्या तीन दिवस आधी नालबंद चाचा पुढचे खूर तासायला आले होते. मागच्या पायाचा काही विषयच नव्हता. चहा पिता पिता त्यांची नजर गेली, म्हणाले पट्टी सोड. सोडली. त्यांनी बॅटरी मागितली, वाकून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ये खाली जख्म नही है, बरसाती है. कंकर दिखते क्या तेरे को?" आणि दिसले की! लाल मांसात पिवळसर, तांदळाच्या कणीसारखे दाणे, बोटाला खरखरीत. मी त्यांना सहा आठवडे वाळलेला पू समजून पुसत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी कणी काढून बघितली आणि तेच म्हणाले. फार मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले चाचांनी बरोबर ओळखलं, मला आधी सुचायला पाहिजे होतं.

ज्यांना बरसाती माहीत नाही त्यांनी एवढं वाचाच. घोड्याच्या पोटात हॅब्रोनेमा नावाचा जंत असतो. त्याच्या अळ्या शेणातून बाहेर पडतात, शेणातल्या माशीच्या अळ्या त्या गिळतात, माशी उडायला लागली की हा जंत तिच्या अंगात तयारच असतो. माशी घोड्याच्या ओठावर बसली तर अळी तोंडातून पोटात, तिथं तिचं चक्र पूर्ण. पण माशी जखमेवर बसली तर अळी तिथंच सोडली जाते, तिथं ती मोठी होत नाही, पण तिच्याभोवती शरीर चवताळतं, खाज, सूज, वाढीव मांस आणि ते कंकर. पावसाळ्यात माशा वाढतात तेव्हा हे उमळतं, म्हणून बरसाती. म्हणजे मी वर कितीही कापलं, कितीही आयोडीन लावलं, तरी जोपर्यंत आत अळी आणि बाहेर माशी आहे तोपर्यंत ते भरणारच नव्हतं. आणि मागच्या पावसाळ्यात मैनेच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात पिवळा दाणा आला होता, आठवतंय का? आपण सगळ्यांनी डोळे आलेत म्हणून सोडून दिलं. ती पण बरसातीच असणार, डोळ्याचा कोपरा ही तिची आवडती जागा.

उपाय आयव्हरमेक्टिन, तोंडातून. डोस वजनावर, आणि वजनकाटा इथं कुठून आणायचा, म्हणून टेपने मोजलं. छातीचा घेर १५८ सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १५०. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, आलं ३१५ किलो. मी अंदाजाने ३८० धरून बसलो होतो! किलोला ०.२ मिलिग्रॅम या हिशोबाने डॉक्टरांनी दिलं. जोडीला सूज उतरायला त्यांनीच मलम लिहून दिलं, त्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, त्यात स्टिरॉईड आहे, आपल्या मनानं कुणी लावू नका.

आज सोळा दिवस झाले. जखम आता ५.८ बाय ३.६. कंकर नाहीत, खाज नाही, आठ दिवसात एकदाही पट्टीला दात लावला नाही.

पट्टीबद्दल एक सांगतो. माणसाचा क्रेप बँडेज नळीवर टिकत नाही, घसरून खालच्या सांध्यावर गोळा होतो आणि तिथं वळ पडतो. स्वतःलाच चिकटणारी जनावरांची पट्टी महाग आहे, पण खाली कापसाचा जाड थर देऊन बांधली तर तीन दिवस हलत नाही. कापसात कंजूषी करू नका, नुसती चिकटपट्टी ओढून बांधली तर नसा आवळतात. माशांसाठी ऑनलाईन मागवलेली पायाची जाळी मात्र पैसे पाण्यात, शिंगराच्या मापाची आली आणि विकणारा आता उत्तरच देत नाही.

मोठं काम उकिरड्याचं होतं. तो गोठ्यापासून पंधरा पावलांवर, आजोबांच्या काळापासून तिथंच. गरम हवेत माशी अंड्यापासून आठ-दहा दिवसात उडायला लागते, म्हणजे मी रोज खरारा करत होतो, चंदी (दाणा) मोजून देत होतो आणि पंधरा पावलांवर माशांचा कारखाना चालू होता. भावाला घेऊन दोन ट्रॉल्या शेण मळ्याच्या पार टोकाला नेलं, ढीग करून वर ताडपत्री, आत चांगला ताव धरलाय, हात घालवत नाही. आता शेण दिवसातून दोनदा उचलतो. बाजूच्या म्हशींचं पण उचलावं लागतं, माशी कुठं घोडी आणि म्हैस बघते.

दसऱ्याला मैनेला सजवून गावातून काढायचं ठरलं होतं, ते रद्द. पंचवीस दिवसात कातडी पूर्ण येणार नाही, आणि ढोलाच्या गर्दीत कुणाचा पाय लागला तर परत पहिल्यापासून. पूजा गोठ्यातच करू. माळेगावची जत्रा मार्गशीर्षात आहे, तोपर्यंत हातात तीन महिने, तिथं रवाल चालीवर (न उसळता भरभर चालायची चाल) तिला दाखवायची माझी हौस अजून तशीच आहे. सध्या लगाम धरून सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं फिरवतो, नुसती उभी राहिली की पाय सुजतो. काळ्या रानात अजिबात नाही, चिखल पट्टीला धरतो. डांबरी रस्त्याच्या कडेनं.

हे लिहिता लिहिताच सुचलं, ती ऑनलाईन जाळी परत मागवण्यापेक्षा मच्छरदाणीचं कापड घेऊन आईकडून मशीनवर शिवून घेतलं तर? वर रुंद चिकटणारी पट्टी, खाली सैल, म्हणजे मलमाची पट्टी सुटली तरी माशी आत जाणार नाही. चारी पायांना करता येईल, आणि डोळ्यांसाठी पण तेच कापड. आईला विचारलं, म्हणाली माप आण. आत्ता बॅटरी घेऊन गोठ्यात गेलो होतो, नळीचा घेर वरून २१, खालून १९ सेंटीमीटर. उद्या गंगाखेडला जाऊन कापड आणतो.