297 चा सौदा

म्युच्युअल फंडाच्या डीलिंग रूममध्ये, म्हणजे जिथून शेअरची खरेदी-विक्री होते तिथे, शिरताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि आतल्या फोनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. काय घ्यायचं, काय विकायचं हे फंड मॅनेजर ठरवतात. कसं आणि किती दिवसांत, हे आम्ही डीलर. मोठ्या गुंतवणूकदाराच्या मनात आलं की तो विकून मोकळा होतो, असं कुणी म्हटलं की मला 2018 चा ऑगस्ट आठवतो.

एका स्मॉलकॅप, म्हणजे बाजारमूल्याने छोट्या, कंपनीचे आमच्याकडे 18 लाख शेअर होते. रोजची उलाढाल सरासरी 90 हजार शेअरची, त्यातही निम्मी त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांची. भाव पडू द्यायचा नसेल, तर दिवसाच्या उलाढालीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त माल सोडायचा नाही. म्हणजे रोज 18 हजार आणि बाजाराचे शंभर दिवस, जवळजवळ पाच महिने. हे काम मला मनापासून आवडतं. ऑर्डरचे बारीक तुकडे पाडायचे, दोन-तीन ब्रोकरांत वाटायचे, घेणारा पुढे आला की थोडं द्यायचं, तो मागे सरला की हात आखडायचा. मोठा माल सुटतोय असा वास लागला, तर समोरच्या बोल्या तासाभरात खाली सरकतात.

विकायचं तर ठरलंच होतं. कागदावर नफा दिसत होता, पण रोकड येत नव्हती. प्रमोटरने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, आपले शेअर गहाण टाकले होते. आमच्या विश्लेषकाने तसं लेखी दिलं होतं. अशात एका सकाळी ब्रोकरचा फोन आला: ब्लॉक डीलमध्ये, म्हणजे एकाच ठोक सौद्यात, सगळेच्या सगळे 18 लाख उचलणारा एक जण आहे. आदल्या दिवशीचा बंद भाव 300. ब्लॉकला तेव्हा बंद भावाच्या एक टक्का वर-खाली जायचीच मुभा होती, म्हणून त्याने 297 सांगितले.

आमचे फंड मॅनेजर सर म्हणाले, "आपली खरेदी 312 ची आहे. तिथपर्यंत येऊ दे, मग देऊ."

इतका अभ्यासू माणूस मी दुसरा पाहिला नाही, म्हणूनच ते वाक्य अजून टोचतं. आपण किती रुपयांना घेतला, याच्याशी त्या शेअरला काय देणंघेणं?

नऊ दिवसांनी ऑडिटरने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी नऊला प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं सत्र, सुरू होताच मी ऑर्डर टाकली. पडद्यावर विकणाऱ्यांची रांग लाखांत आणि खरेदीच्या बाजूला शून्य. 240 ला लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवशी भाव याच्या खाली जाऊच शकत नाही अशी मर्यादा. मग 192, मग 173, मग 155. चार दिवस मी त्या शून्याकडे बघत बसले होते.

पाचव्या दिवशी 140 ला सर्किट सुटलं आणि उलाढाल 40 लाखांवर गेली. पाच महिने लागतील असं वाटलेला माल दुपारी अडीचपर्यंत संपला, सरासरी 144 ला. 297 च्या तुलनेत शेअरमागे 153 रुपये, म्हणजे साडेसत्तावीस कोटी गेले, लोकांच्या एसआयपीचे. समोरच्या खरेद्या 50, 100, 200 शेअरच्या होत्या. एवढ्या छोट्या ऑर्डरी मोठा फंड टाकत नाही असं नाही, पण त्या दिवशी त्या छोट्या माणसांच्याच होत्या, हे मला गणपतीत कळलं.

  

आरती झाल्यावर मामा जवळ येऊन बसला. "अगं, त्या कंपनीचे पाचशे घेतलेत. 146 ने. निम्म्या भावात मिळाले. शिवाय भागधारकांच्या यादीत तुमच्या फंडाचं नाव बघितलं, म्हटलं मग काळजी नाही."

तारीख विचारली. तोच पाचवा दिवस.

त्या वेळी त्याने फोन केला असता, तरी कायद्याने मला तोंड उघडता आलं नसतं. यादी 30 जूनची होती, हे मी त्याला जेवणं झाल्यावर सांगितलं.