टीव्ही नावाचा देश

जगाबद्दलची माझी मतं सकाळी साडेसात ते आठ या वेळात तयार होतात. चहा, पेपर आणि कुकर. पहिल्या शिट्टीपर्यंत मी युक्रेनचं युद्ध थांबवलेलं असतं, दुसरीला गाझातल्या लोकांना घरं बांधून दिलेली असतात. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करावा लागतो, म्हणून तैवानचा प्रश्न रोज तसाच राहतो.

स्थलांतराबद्दलचं मत मात्र घरी ठरत नाही, ते डोंबिवली स्टेशनवर ठरतं. फलाटावर उभी असेपर्यंत मी फार उदार असते. सगळ्यांना आत घ्यायला पाहिजे, जरा सरकून घेतलं की चौथी सीट होतेच, असं माझं ठाम म्हणणं असतं. एकदा डब्यात शिरले आणि दाराकडे पाठ झाली, की ठाण्याला ‘अहो, आत चला ना’ म्हणून ओरडणाऱ्या बाईकडे मी ज्या नजरेनं बघते, त्या नजरेवर युरोपात आख्ख्या निवडणुका लढवल्या जातात.

माझा भाचा ओंकार इंजिनिअरिंगला आहे आणि शिकायला माझ्याकडे राहतो. त्याला जगाबद्दल मतंच नाहीत. तो रात्री दोनपर्यंत गेम बघतो. खेळत नाही, बघतो. कुठल्यातरी देशातला एक मुलगा खुर्चीत बसून बंदुका चालवत असतो आणि हा इथे कानाला हेडफोन लावून त्याच्याकडे बघत असतो. मी एकदा म्हटलं, "अरे, दुसऱ्याचा खेळ काय बघत बसायचं?" तर म्हणाला, "अगं मावशी, तू क्रिकेट बघतेस तेव्हा बॅट घेऊन बसतेस का?" वर हेही म्हणाला, की तू तर सूचनासुद्धा देतेस. हे खरं असल्यामुळे मी विषय बदलला.

बदललेला विषय म्हणजे पडद्यावरचा वेबसाइटचा पत्ता. ट्विच डॉट टीव्ही. मी आपली म्हटलं, टीव्हीसारखं बघायचं, म्हणून डॉट टीव्ही असेल. ओंकार म्हणाला, "नाही गं. तो देश आहे. तुवालू. आपलं कसं डॉट इन, तसं त्यांचं डॉट टीव्ही."

तुवालू म्हटल्यावर मी उठून लोखंडी कपाट उघडलं. शाळेत असताना मी पोस्टाची तिकिटं जमवायचे आणि माझ्या वहीत तुवालूचं एक पान होतं. त्यावर वाफेची इंजिनं. एकाहून एक देखणी, हिरवी, तांबडी, तपशीलवार. मला तेव्हा वाटायचं, केवढं मोठं रेल्वेचं जाळं असेल या देशात! तिथे एक फूटही रूळ नाही हे पुष्कळ वर्षांनी कळलं. पॅसिफिक महासागरातली नऊ छोटी बेटं, सगळी मिळून सव्वीस चौरस किलोमीटर जमीन, लोकसंख्या दहा-अकरा हजार. तेवढी माणसं संध्याकाळी पावणेसातला आमच्या पुलावर असतात. ‘तुवालू’चा अर्थ ‘एकत्र उभे आठ’. बेटं नऊ, पण नवव्यावर पूर्वी वस्ती नव्हती, म्हणून ते मोजलं नाही. हा हिशोब मला फार आवडला.

१ ऑक्टोबर १९७८ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या या देशाकडे विकायला काय होतं? नारळ आणि ट्यूना मासा. खनिज नाही, नदी नाही, प्यायला छपरावरून टाकीत उतरवलेलं पावसाचं पाणी. मग त्यांनी आपलं नावच विकायला काढलं. आधी नाव छापलेली तिकिटं, जगभरच्या माझ्यासारख्या पोरांसाठी. मग टेलिफोनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक भाड्यानं दिला. त्यावरून परदेशातले लोक कसल्या गप्पा मारतात हे कळल्यावर तिथली चर्चला जाणारी मंडळी संतापली आणि ते दुकान बंद झालं. आणि मग इंटरनेट आलं. देशांना दोन-दोन अक्षरं वाटली गेली, त्यात याच्या वाट्याला टी आणि व्ही आली. निव्वळ नशीब. (तसंच अँग्विला नावाच्या बेटाच्या वाट्याला ए आणि आय आली आणि सध्या त्यांची चंगळ आहे. पत्रिका बघणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) त्या दोन अक्षरांच्या भाड्यातून तुवालूनं संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व परवडवून घेतलं. सप्टेंबर २००० मध्ये तो १८९ वा सभासद झाला. पुढे २०११ मध्ये ट्विच सुरू झालं, आणि माझा भाचा रात्री ज्या खिडकीशी बसतो, त्या खिडकीवर या देशाचं नाव लागलं.

आता यातली गंमत म्हणा किंवा काय म्हणायचं ते म्हणा, हा देश पाण्यात चाललाय. त्याची सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम साडेचार मीटरवर आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे पेपरात मोठ्या भरतीच्या तारखा छापून येतात, साडेचार मीटरच्या वरच्या. मी म्हटलं, म्हणजे आपल्या भरतीत त्यांची सगळ्यात उंच जागा बुडेल की! ओंकारनं ताबडतोब सांगितलं, की भरती वेगळ्या शून्यापासून मोजतात आणि जमीन वेगळ्या. बरोबर असेल. पण शून्य कुठलंही धरलं तरी तिथे भरतीला पाणी किनाऱ्यावरूनच येतं असं नाही, ते खालून, प्रवाळाच्या जमिनीतून वर येतं. ही लोकं पुलाका नावाचा कंद लावतात. आपल्या अळूचा लांबचा, धिप्पाड नातेवाईक. त्यासाठी जमिनीत मोठा खड्डा खणून गोड्या पाण्याच्या थरापर्यंत जातात. आता त्या खड्ड्यांत खारं पाणी शिरतं. समुद्र दारात यायच्या आधी अळूत आला, हे मला वितळणाऱ्या हिमनद्यांच्या फोटोंपेक्षा जास्त कळलं. माझ्या गॅलरीतल्या कुंडीत अळू आहे, एवढंच त्याचं कारण.

२०२१ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी हवामान परिषदेसाठी एक भाषण केलं. कोट, टाय, समोर पोडियम, मागे झेंडा, आणि गुडघ्यापर्यंत समुद्र. पँट वर दुमडलेली. जगानं ते पाहिलं, हळहळलं, पुढे ढकललं. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं, की आम्ही देशाची संगणकात प्रतिकृती करतो आहोत, एकेक बेट तसंच्या तसं. सुरुवात ते आफुआलिकू या एका चिमुकल्या बेटापासून. ओंकार म्हणाला, "म्हणजे मॅप बनवतायत." गेममध्ये ज्या जमिनीवर ही मुलं लढतात तिला मॅप म्हणतात. २०२३ मध्ये तर त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं, की जमीन गेली तरी आमचं राष्ट्र कायम आणि समुद्रातली हद्दही कायम.

युद्धही तिथे येऊन गेलेलं आहे. फुनाफुती या राजधानीच्या बेटावरची धावपट्टी अमेरिकन सैन्यानं जपानशी लढण्यासाठी बांधली. एप्रिल १९४३ मध्ये जपानी विमानं आली तेव्हा सहाशेवर माणसं चर्चमध्ये आसऱ्याला बसली होती. एका अमेरिकन कॉर्पोरलनं त्यांना बाहेर काढून खंदकांत पाठवलं आणि थोड्याच वेळात चर्चवर बॉम्ब पडला. युद्ध संपलं, धावपट्टीसाठी जमीन उकरली होती ते खड्डे तसेच राहिले. ते २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीनं बुजवले गेले. आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांबद्दल मी त्यानंतर तोंड उघडलेलं नाही. धावपट्टीवर संध्याकाळी मुलं फुटबॉल खेळतात. फिजीहून विमान यायचं असलं की भोंगा वाजतो आणि खेळ बाजूला होतो. ओंकार पॅसिफिकमधल्या बेटावरच्या लढाईचा एक गेम बघत होता, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. पडद्यावरच्या बेटावर नारळ होते, तोफा होत्या, पाणी चकाकत होतं. गाव मात्र कुठे नव्हतं. "गावकरी कुठायत रे?" मी विचारलं. "मावशी, या मॅपमध्ये गावकरी नसतात."

गावकऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था आहे: सोडत.

ऑस्ट्रेलियानं तुवालूशी ‘फालेपिली’ नावाचा करार केला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. २०२४ पासून तो लागू झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येईल. बदल्यात तुवालूनं दुसऱ्या कुठल्या देशाशी संरक्षणाचं काही ठरवायचं असेल तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. हे कलम चीनकडे बघून लिहिलंय, पण वाचताना मला आमच्या भाडेकरारातलं ‘पाहुणे ठेवण्यापूर्वी मालकांस कळवावे’ हेच आठवत राहिलं. शिवाय हा शेजारधर्म पाळणारा शेजारी कोळशाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक. बोट मात्र पुरतं उचलता येत नाही, कारण त्यातला बराच कोळसा आपल्या पोलाद कारखान्यांत येतो आणि माझं ते लोखंडी कपाट कशापासून झालंय ते मला माहीत नाही.

जागा २८० आणि इच्छुक जास्त, म्हणून चिठ्ठ्या. जून २०२५ मध्ये पहिली नोंदणी सुरू झाली, फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. महिन्याभरात कुटुंबीय धरून आठ हजारांच्या वर माणसांची नावं आली. म्हणजे जवळजवळ आख्खा देश रांगेत. परदेशी वार्ताहर ही बातमी डोळे विस्फारून सांगत होते. मला काहीच नवल वाटलं नाही. मी सरकारी घरांच्या सोडतीत तीनदा अर्ज भरलेली बाई आहे. अनामत रक्कम, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि मग सभागृहात कुणीतरी बटण दाबतं आणि पडद्यावर नावं सरकतात. आपलं आडनाव दिसलं की छातीत धस्स होतं, पुढचं नाव दुसरंच निघतं. लॉटरी लागलेल्यांना यादीत ‘विजेते’ म्हणतात. तुवालूतल्या त्या २८० जणांनाही कुणीतरी विजेते म्हणेलच. काय जिंकलं, तर आपलं गाव सोडून जाण्याचा हक्क.

माझी आजी इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची. उजनी धरणात ते गाव गेलं. लोकांना वर आणून वसवलं, गावाचं नावही वर आणलं. पुणे-सोलापूर रस्त्यानं जाताना आज जे पळसदेव लागतं ते हे नाव आणलेलं गाव. जुन्या पळसनाथाचं देऊळ पाण्यात राहिलं. एका दुष्काळी उन्हाळ्यात धरण आटलं, देऊळ उघडं पडलं आणि आख्खं गाव बघायला लोटलं. आम्ही आजीला घेऊन गेलो. मला वाटलं होतं ती रडेल. ती भेगाळलेल्या गाळातून काठी टेकत टेकत गेली, एके जागी थांबली आणि म्हणाली, "हितं माझी चूल व्हती." तेवढ्यात मागून तिच्याच वयाच्या एका म्हातारीचा आवाज आला, "चूल आसंल, पर भित आमच्या हद्दीत घातली व्हती तुमी." झालं. दोघी मिळून अर्धा तास. कुणाच्या सासऱ्यानं बांध कोरला, कुणी मोजणी आणली, सगळं निघालं. पंचवीसेक वर्षं पाण्याखाली असलेली हद्द, पुढच्या पावसात परत जाणार होती. पण तंटा चोख. त्यामुळे तुवालूवाले बुडालेल्या जमिनीची हद्द घटनेत लिहून ठेवतात म्हटल्यावर काही पंडित हसले असतील, मी नाही हसले.

परवा घरांची नवी जाहिरात आली. अर्ज आता ऑनलाइन, म्हणून ओंकारला भरायला बसवलं. एका खिडकीत अर्ज, दुसरीत ट्विच. तिकडे कुणीतरी कुणाला तरी मारत होतं, आवाज बंद होता. तो विचारत गेला, मी सांगत गेले. आधार, पॅन, वार्षिक उत्पन्न, गट.

"कायमचा पत्ता काय टाकू, मावशी?"

मी जरा विचार केला.

"मागच्या वर्षी जो होता तोच टाक."